गेमच्या गोष्टीत खरं कोणतं धरायचं? कॅनन ठरवायची आमची रीत

लातुरात औसा रोडला चहाच्या टपरीवर आमची दोन पोरं एवढी भांडली की टपरीवाल्या मामानं मधी पडून विचारलं, का रे, बांधाचं भांडण हाय का भावकीचं? भांडण होतं शेडी सँड्सचं, म्हंजे फॉलआउट नावाच्या गेमांच्या जगातल्या एका गावाचं. त्या फॉलआउटवर सिरीज २०२४ मधी आली, तिच्यात एका वर्गाच्या फळ्यावर लिहिलेलं दिसतं की शेडी सँड्स पडलं, २२७७, तिथून पुढं बाण अन् बाणाच्या टोकाला अणुबॉम्बचा ढग. आता न्यू व्हेगास हा फॉलआउटचाच एक गेम घडतो २२८१ मधी, अन् त्यात त्याच शेडी सँड्सवाल्यांचं राज्य, एनसीआर, फौजफाटा घेऊन धरणावर ठाण मांडून बसलेलं. मग एक म्हणायला की संपलं, न्यू व्हेगास आता कॅनन राहिला नाही, सिरीजनं पुसून टाकला. दुसरा म्हणायला की गेम आधी आलाय, सिरीजच खोटी. अन् शेवटी दोघं माझ्याकडं बघायले.

माझ्याकडं कामून, तर मी गेमच्या गोष्टी मराठीत लिहून ठेवतो. दोनशे पानी वही, आता तिसरी चालू आहे. आमच्याकडची लेकरं गेम झकास खेळतात पण त्यातलं इंग्रजी वाचून गोष्ट समजावून सांगायला घरात कुणी नसतं, म्हणून सुरू केलं. पहिल्या वहीत मी एक मोठी चूक केली होती. डार्क सोल्सबद्दल कुण्या चाहत्यानं बांधलेला अंदाज मी एका व्हिडिओत ऐकला अन् गेमची पक्की गोष्ट म्हणून लिहून टाकला. माझी वही वाचून एका पोरानं कॉलेजात चारचौघांत ती सांगितली, तर कुणीतरी विचारलं हे गेममधी कुठं आहे, अन् त्याला काही दाखवता येईना. त्याला माझ्यामुळं खाली बघावं लागलं ह्याचं मला लई वाईट वाटलं. तेव्हापासून मी काहीही लिहायच्या आधी एका रीतीनं तपासतो, ती इथं सांगतो, तुम्हाला कोणत्याही गेमला लावता येईल.

आधी शब्द. कॅनन हा मुळात चर्चचा शब्द, बायबलात कोणती पुस्तकं धरायची अन् कोणती नाही ती ठरलेली यादी. १९११ मधी रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज माणसानं शेरलॉक होम्सच्या कथांवर धर्मग्रंथावर लिहावा तसा अभ्यासू निबंध लिहिला, अन् हळूहळू हा शब्द गोष्टींच्या चाहत्यांत रुळला. पण आपल्याला चर्चपर्यंत जायची गरज नाही, सातबाऱ्यावरून लगेच कळतं. रान कुणाचं, तर सगळं गाव काय म्हणतं ते तलाठी विचारत नाही, उताऱ्यावर नाव कुणाचं ते बघतो. आज्यानं सांगितलेलं खरंही असंल, पण नोंद पाहिजे. गेमच्या जगाचा उतारा ज्या कंपनीकडं असतो तिच्या नोंदीला कॅनन म्हणायचं. नंतर त्या नोंदीत बदल झाला की त्याला रेटकॉन म्हणतात, म्हंजे सरळ फेरफार. अन् आपण खेळणारे लोक वर्षानुवर्षं त्या रानातून येणारे जाणारे, आपली झाली वहिवाट. वहिवाटीलाही किंमत आहे, तिच्याकडं शेवटी येतो.

तर पहिलं काम, ह्या गेमचा उतारा मुळात निघतो का ते बघा. सगळ्याच गेमांचा निघत नाही. मारिओ बनवणारे शिगेरू मियामोतो ह्यांनी स्वतः सांगितलंय की मारिओ मंडळी म्हंजे एखाद्या नाटक कंपनीतले नट समजा, आज एका खेळात एकमेकांचे वैरी, उद्या गो-कार्टच्या शर्यतीत शेजारी शेजारी. सुपर मारिओ ब्रदर्स ३ हा तर रंगमंचावरचा खेळ आहे हेही त्यांनी मान्य केलंय, सुरुवातीला पडदा उघडतो तो त्याच्यासाठीच. आपल्या तमाशाच्या फडात संध्याकाळी राजा झालेला माणूस वगात हवालदार होतो, तेव्हा कुणी विचारत नाही की राजा नोकरीला कधी लागला. अशा गेममधी कोणतं आधी घडलं अन् कोणतं नंतर ह्याच्यावर रात्र घालवू नका, तिथं तो प्रश्नच लागू होत नाही.

उतारा निघतो म्हणल्यावर तो कोणत्या भाषेतला ते बघा. इथं मी कॉन्ट्रा सांगतो, कारण गंजगोलाईतून आणलेल्या टीव्ही गेमच्या कॅसेटवर कॉन्ट्रा खेळला नाही असा आमच्या वयाचा माणूस लातुरात सापडायचा नाही, अन् त्याची गोष्ट काय होती ते विचारलं तर मात्र एकालाही सांगता यायचं नाही. कॅसेटसोबत पुस्तिका कधी आलीच नव्हती. गेम कोनामीचा, १९८७ चा. जपानी गोष्टीत साल आहे २६३३ अन् जागा न्यूझीलंडजवळची गालुगा नावाची बेटं. अमेरिकेत गेला तर तिथल्या पुस्तिकेत हेच सगळं ॲमेझॉनच्या जंगलात, त्याच आपल्या काळात घडतंय असं छापलं, अन् बिल अन् लान्स ह्या दोन नायकांना मॅड डॉग अन् स्कॉर्पियन अशी टोपणनावं दिली. युरोपात तर माणसंच काढून टाकली, जागेवर रोबो आणले अन् गेमचं नाव केलं प्रोबोटेक्टर. उड्या त्याच, गोळ्या त्याच, गोष्टी तीन. मग धरायची कोणती? मूळ भाषेतली आधी धरायची, अन् पुढच्या गेमांनी कोणती पुढं चालवली ते बघायचं. २००२ मधी शॅटर्ड सोल्जर आला तेव्हा अमेरिकेतसुद्धा जपानी गोष्टच चालवली. म्हणून माझ्या वहीत कॉन्ट्राच्या पानावर २६३३ आहे, अन् ॲमेझॉन खाली वेगळ्या शाईत, जुनी अमेरिकन नोंद म्हणून. ती खोडली नाही कारण कुण्या एका देशातली लेकरं तीच गोष्ट खरी मानून मोठी झाली.

आमच्याकडं ज्याला नुसतं मुस्तफा म्हणतात तो पार्लरमधला गेम, त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा. आठ आण्याचं, रुपयाचं नाणं टाकून खेळलेला. हा मूळ मार्क शुल्ट्झ ह्यांच्या झेनोझोइक टेल्स नावाच्या कॉमिकवरून आलेला अन् तिथला नायक जॅक टेनरेक आहे, मुस्तफा तिथं बाजूचा माणूस. म्हंजे एकाच जगाचे दोन उतारे झाले, कॉमिकचा वेगळा, गेमचा वेगळा. विचरचंही तसंच, मूळ पोलिश कादंबऱ्या आंद्रे सापकोव्स्की ह्यांच्या, अन् गेम त्या कादंबऱ्या संपतात तिथून पुढं जातात, पण लेखक स्वतः गेमला आपल्या गोष्टीचा पुढचा भाग धरत नाहीत. अशा वेळी वाद घालणाऱ्याला आधी विचारायचं, तू कोणत्या उताऱ्याबद्दल बोलायलास? निम्मी भांडणं इथंच मिटतात, कारण एक जण पुस्तकाबद्दल बोलत असतो अन् दुसरा गेमबद्दल.

अन् उताऱ्यावरची नोंद बदलते हेही ध्यानात ठेवा. पबजी खेळणाऱ्यांना हे माहीत पाहिजे की कॅलिस्टो प्रोटोकॉल नावाचा भुताटकीसारखा अंतराळातला गेम डिसेंबर २०२० मधी जाहीर झाला तेव्हा तो पबजीच्याच जगातला, २३२० सालातला असं सांगितलं होतं. मे २०२२ मधी बनवणाऱ्यांनी सांगितलं की गोष्ट आता स्वतंत्र झालीय, पबजीच्या जगातली नाही. गेम आला त्याच वर्षी डिसेंबरात. म्हणजे २०२१ मधी कुणी वहीत पबजीच्या पानावर कॅलिस्टो लिहिला असंल तर तेव्हा तो बरोबर होता अन् आज बरोबर नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला तारीख टाका. हे मी हात जोडून सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालंल, तारीख विसरू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ कुठं द्यायचा, तर गेमच्या आत कोण काय सांगतंय ह्याच्यावर. पोरांना वाटतं गेममधी दिसलं म्हंजे कॅनन, संपला विषय. नाही बाबा. डोळ्यात अन् कानात चार बोटांचं अंतर आहे असं म्हणतात ना, ते इथं तंतोतंत लागू आहे. तुमच्या डोळ्यासमोर घडलेली घटना सगळ्यात वजनदार. मग कुण्या पात्रानं तोंडानं सांगितलेलं, त्यात तो माणूस खोटं बोलतोय का, त्याला माहिती होती का, त्याचा काही फायदा आहे का ते बघायचं. मग त्या जगातलं लिखाण, पुस्तकं, पत्रं, फळे, थडग्यावरचे शब्द.

एल्डर स्क्रोल्समधी ह्याचं फार सुंदर उदाहरण आहे. बॅरेन्झिया नावाच्या राणीचं चरित्र गेमच्या आत दोन वेगवेगळ्या पुस्तकांत मिळतं, एक दरबारी, सगळं छान छान, अन् दुसरं खरी बॅरेन्झिया म्हणून, ज्यात तिच्या तरुणपणाच्या दरबाराला न आवडणाऱ्या गोष्टी आहेत. दोन्ही पुस्तकं गेम बनवणाऱ्यांनीच लिहिलेली, दोन्ही गेममधी आहेत, अन् दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. मग कॅनन काय? कॅनन एवढंच की त्या जगात अशी दोन पुस्तकं आहेत अन् त्यात असं असं लिहिलंय. राणीनं खरंच काय केलं ते बनवणाऱ्यांनी मुद्दाम मोकळं सोडलंय. वहीत लिहिताना मी वाक्याची ठेवण बदलतो. राणीनं असं केलं असं लिहीत नाही, अमुक पुस्तक म्हणतं की राणीनं असं केलं, असं लिहितो. दोन शब्द जास्त लागतात पण पुढं कुणाला खाली बघावं लागत नाही.

डार्क सोल्समधी तर निम्मी गोष्ट वस्तूंच्या वर्णनात आहे. अंगठी उचलली, तलवार उचलली, तिच्याखाली चार ओळी असतात, त्या वाचल्या नाहीत तर गोष्ट कळायचीच नाही, अन् वाचल्या तरी मधी मोठमोठ्या मोकळ्या जागा राहतात. हे बनवणारे हिदेताका मियाझाकी ह्यांनी सांगितलंय की लहानपणी ते इंग्रजी कल्पनाकथांची पुस्तकं वाचायचे, सगळं समजायचं नाही, मग न समजलेली जागा स्वतःच्या मनानं अन् चित्रं बघून भरायचे. हे मी वाचलं तेव्हा खरं सांगतो गळा भरून आला. इंग्रजी पूर्ण न कळता गेमची गोष्ट मनानं जुळवत बसलेलं लेकरू म्हंजे आमच्या गल्लीतलं प्रत्येक लेकरू. तर त्या गेममधल्या मोकळ्या जागा चूक म्हणून राहिलेल्या नाहीत, ठेवलेल्या आहेत. माझी पहिली चूक हीच होती, ठेवलेली जागा मी दुसऱ्याच्या अंदाजानं बुजवली अन् वर शिक्का मारला.

गेमच्या बाहेरचं लिखाण ह्याच्या खाली धरायचं. पुस्तिका, कंपनीनं काढलेली कलेची अन् इतिहासाची पुस्तकं, बनवणाऱ्यांच्या मुलाखती, कादंबऱ्या, कॉमिक. मुलाखतीबद्दल एक सांगतो, बनवणाऱ्यानं बोलताना सांगितलेलं अन् गेममधी आलेलं ह्यांत गेमचं वजन जास्त धरा, कारण माणूस दहा वर्षांनी विसरतो, किंवा कंपनी सोडून जातो अन् पुढचे लोक वेगळं ठरवतात. चाहत्यांनी चालवलेल्या विकी रस्ता दाखवायला उत्तम आहेत, मी रोज वापरतो, पण तिथल्या वाक्याच्या शेवटी कोणत्या गेमचा आधार दिलाय तो बघून स्वतः तिथं जाऊन वाचायचं. डब्यावर त्याच कंपनीचं नाव आहे एवढ्यावरही जाऊ नका. १९९० मधी मेटल गिअरचा स्नेक्स रिव्हेंज नावाचा भाग कोनामीनंच काढला, पण मूळ बनवणारे हिदेओ कोजिमा त्यात नव्हते, त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा दुसरा भाग बनवला, अन् पुढची सगळी गोष्ट त्या दुसऱ्या भागावरून चालली. स्नेक्स रिव्हेंज बाजूला राहिला.

मग येतो अनेक शेवटांचा प्रश्न. ज्या गेमला चार शेवट आहेत त्याचा कोणता खरा? गेम एकच असंल, पुढचा भाग आलाच नसंल, तर सगळे सारखे, जो तुम्ही खेळलात तो तुमचा. पुढचा भाग आला की मात्र बनवणाऱ्यांना काहीतरी ठरवावं लागतं, अन् ते तीन-चार तऱ्हांनी ठरवतात.

काही सरळ एक निवडतात. असॅसिन्स क्रीड ओडिसीत, २०१८ चा, तुम्ही अलेक्सिओस किंवा कसांड्रा कोणीही घेऊन खेळू शकता, पण कंपनीच्या नोंदीत कसांड्राच आहे, अन् डिसेंबर २०२१ मधी त्याच मालिकेतल्या व्हल्हाल्ला गेममधी ती स्वतः येऊन उभी राहिली तेव्हा शंका उरली नाही. माझा एक दोस्त अलेक्सिओसनं शंभर तास खेळलेला, त्याला हे फार लागलं. त्याला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, तुझे शंभर तास कुठं गेले नाहीत, वहीत त्यांची जागा वेगळी आहे एवढंच.

काही जण कुठलाच शेवट पूर्ण न घेता सगळ्यांतलं थोडं थोडं घेतात. रेसिडेंट ईव्हिलचा पहिला भाग, १९९६ चा, तुम्ही क्रिसनं खेळलात तर सोबत रेबेका असते अन् बॅरी भेटतच नाही, जिलनं खेळलात तर बॅरी असतो अन् रेबेका नसते. पण पुढच्या सगळ्या गोष्टीत चौघंही वाचलेत असं धरलंय, २०१५ च्या रेव्हलेशन्स २ मधी बॅरीनं तर आपण खेळतो. म्हंजे कॅनन शेवट असा आहे की जो त्या गेममधी कुणालाच, कितीही चांगलं खेळलं तरी, बघायला मिळत नाही. हे पोरांना सांगितलं की आधी पटत नाही, मग गप होऊन विचार करत बसतात.

अन् एल्डर स्क्रोल्सवाल्यांनी जे केलं त्याला मी आजही मनातून सलाम करतो. डॅगरफॉल, १९९६, त्याला वेगवेगळे शेवट, एकात ह्या राज्याला ताकद मिळते, एकात त्या, एकात ऑर्क लोकांना. पुढचा भाग करताना त्यांनी ठरवलं की सगळे शेवट एकदम घडले. काळच मोडला. त्याला त्या जगात ड्रॅगन ब्रेक म्हणतात, अन् ऑब्लिव्हियनमधी ह्या घटनेवर पश्चिमेची पिळवट अशा अर्थाच्या नावाचं पुस्तकच सापडतं. लोक झोपले तेव्हा त्या भागात चाळीसच्या वर लहानमोठी राज्यं होती, उठले तर चारच उरलेली, अन् काय झालं ते कुणालाच नीट सांगता येईना. प्रत्येक खेळणाऱ्याचा शेवट खरा ठरला अन् गोष्टही पुढं गेली, कुणाचीच वहिवाट मोडली नाही.

तर तुमच्या हातात शेवट ठरवायचं काम आलं तर आधीच्या गेममधी शोधत बसू नका, पुढचा गेम उघडा, त्यात मागचं काय बोललं जातं ते बघा. तिथं काहीच बोललं नसंल तर ठरलेलं नाही असं लिहा. ठरलेलं नाही हे सुद्धा उत्तर आहे.

फेरफाराबद्दल आधी थोडं बोललो, आता नीट. जुना सातबारा बघितला तर कमी झालेलं नाव कंसात दिसतं अन् बाजूला फेरफाराचा नंबर. गेमच्या वहीतही तसंच करा, जुनं खोडून टाकू नका, कंस करा अन् कुठल्या फेरफारानं बदललं ते लिहा. झेल्डाचे चाहते वर्षानुवर्षं भांडायचे की कोणता गेम कोणाच्या आधी. डिसेंबर २०११ मधी जपानात हायरुल हिस्टोरिया हे पुस्तक निघालं, त्यात कंपनीनं पहिल्यांदाच सगळी रांग लावून दिली, अन् ऑकरिना ऑफ टाइम, १९९८ चा, तिथून काळाच्या तीन फांद्या काढल्या. त्यातल्या दोन फांद्या लोकांना आधीच माहीत होत्या. तिसरी फांदी अशी की त्या लढाईत नायक हरला. म्हंजे आपण हरलो अन् गेम ओव्हर आलं, तिथून पुढं जग चालू राहिलं असतं तर काय झालं असतं, ती गोष्ट. तेरा वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नंतर कंपनीनंच दुसऱ्या पुस्तकात काही गेमांचा क्रम थोडा बदलला. म्हंजे पुस्तकावरही तारीख टाकायची.

हेलोचं उलटं झालं. फॉल ऑफ रीच ही एरिक नायलंड ह्यांची कादंबरी २००१ मधी पहिल्या गेमच्याही आधी आली, तिच्यात रीच नावाचा ग्रह पडतो तो जवळजवळ एका दिवसात, ३० ऑगस्ट २५५२ ला. २०१० मधी हेलो रीच गेम आला, त्यात लढाई जुलैपासून सुरू. कादंबरीवर जीव असलेल्या लोकांना वाईट वाटलं, ते बरोबरच होतं, नऊ वर्षं ज्याला उतारा मानलं त्याला कंस झाला. नंतर पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती काढून जमंल तेवढं जुळवून घेतलं. स्टार वॉर्सचा फेरफार तर सगळ्यात मोठा, एप्रिल २०१४ मधी मालक कंपनीनं सांगितलं की सिनेमांच्या बाहेरच्या जवळपास सगळ्या जुन्या कादंबऱ्या, कॉमिक, गेम आता लेजेंड्स, दंतकथा. त्यात नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकसारखा २००३ चा सुंदर गेमही गेला. तो गेम वाईट झाला का? मी मागच्या दिवाळीत परत खेळलो, तसाच आहे.

अफवा अन् मॉड ह्यांच्यावर जास्त वेळ घालवत नाही. व्हाइस सिटीच्या ज्या सीडीत आपल्याकडची गाणी अन् आपल्या गाड्या होत्या तो मॉड, कुणीतरी घरी बसून बदललेला, कॅनन नाही. सॅन अँड्रियासच्या जंगलात बिगफूट आहे असं नेट कॅफेत सगळे शपथेवर सांगायचे, त्या गेममधी नाही, पुढं जीटीए ५ मधी मात्र गंमत म्हणून टाकलाय. अन् व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास ह्यांचं जग वेगळं अन् जीटीए ४ पासून पुढचं जग वेगळं, हे रॉकस्टारनंच स्पष्ट केलेलं आहे, तेव्हा व्हाइस सिटीतला टॉमी अन् जीटीए ५ मधला मायकल ह्यांची सोयरीक जुळवू नका.

आता वही कशी ठेवायची ते. मी तीन पेनं वापरतो. निळ्यानं पक्कं, म्हंजे गेममधी डोळ्यांनी दिसलेलं किंवा पुढच्या गेमनं मान्य केलेलं. लालनं वादाचं, पात्रानं सांगितलेलं, पुस्तकात लिहिलेलं, मुलाखतीतलं. हिरव्यानं आपलं, म्हंजे मला जे वाटतं, माझ्या खेळात जे झालं, चाहत्यांचा आवडलेला अंदाज. प्रत्येक नोंदीपुढं गेमचं नाव, कोणत्या ठिकाणी दिसलं, अन् मी बघितलं ती तारीख. ऑनलाइन गेम असंल तर अपडेटचा नंबर पण, कारण बीजीएमआयसारख्या गेममधी आज दिसलेली जागा पुढच्या महिन्यात राहीलच असं नाही, शक्यतो स्क्रीनशॉट काढून ठेवा.

हिरव्या पेनाबद्दल मला मनापासून बोलायचंय. आमच्या मराठवाड्यातल्या पैठणला नाथमहाराजांनी शके १५०६ मधी, म्हंजे १५८४ ला, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षं होत आली होती, लोकांनी नकला करता करता प्रेमानं आपल्या ओव्या मधी घातल्या होत्या, मूळ कुठलं अन् भर कुठली कळेनासं झालेलं. त्यांनी प्रती ताडून बघितल्या, मूळ पाठ लावला अन् शेवटी लिहून ठेवलं की आता ह्यात जो कुणी आपली ओवी घालंल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. अन् हेच नाथमहाराज स्वतः भारुडं लिहीत होते, भागवतावर लिहीत होते, गवळणी लिहीत होते. स्वतःचं लिहायला त्यांनी कधी ना म्हटलं नाही, फक्त स्वतःच्या ताटात लिहिलं. ग्रंथ अन् गेम ह्यांची बरोबरी करत नाही, ती होऊच शकत नाही, पण रीत शिकायची तर ह्याच्यापेक्षा चांगली मला सापडली नाही. आपला अंदाज, आपला शेवट, आपण दोन पात्रांत जुळवलेलं नातं, सगळं लिहा, भरभरून लिहा, हिरव्या पेनानं लिहा. निळ्याच्या ओळीत घुसवू नका.

तर टपरीवरच्या भांडणाचं काय झालं. आम्ही तिथंच बाकड्यावर वही उघडली. उतारा कुणाकडं? बेथेस्डा कंपनीकडं, २००७ पासून. सिरीज त्यांना सोबत घेऊनच बनलेली, म्हंजे ती बाहेरची नाही. पुरावा काय? फळा. फळा म्हंजे त्या जगातलं लिखाण, भुयारातल्या शाळेत कुणीतरी लेकरांना शिकवायला लिहिलेलं, म्हंजे लाल पेन. फळ्यावर २२७७ कशापुढं आहे? शेडी सँड्सची पडझड, अन् तिथून बाण, अन् बॉम्ब बाणाच्या पुढं. बॉम्बखाली साल लिहिलेलंच नाही. पडझड सुरू होणं अन् बॉम्ब पडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मालकाचं म्हणणं? बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड ह्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं की बॉम्ब न्यू व्हेगासच्या घटनांनंतर लगेच पडलाय. म्हंजे न्यू व्हेगास जागेवर आहे, सिरीजही जागेवर आहे.

सिरीज खोटी म्हणणाऱ्यानं निळ्या पेनानं लिहिलं, न्यू व्हेगास, २२८१, कायम. गेम पुसला म्हणणाऱ्यानं लाल पेनानं फळ्याची नोंद केली, बाण सुद्धा काढला, अन् खाली मुलाखतीचं लिहून तारीख टाकली. मामानं चहाचे पैसे मागितले तेव्हा पहिला म्हणला थांब, एक राहिलं, अन् हिरवा पेन घेऊन लिहायला बसला की त्याच्या कुरियरनं, म्हंजे न्यू व्हेगासमधी आपण खेळतो त्या पात्रानं, शेवटी धरण एनसीआरलाही दिलं नाही, सीझरलाही नाही, हाऊसलाही नाही, व्हेगास व्हेगासच्या लोकांकडं ठेवलं. पाऊण पान लिहिलं त्यानं.